वाटाड्याचं नाव

बुरुल एजे, म्हणजे आमच्या भाषेत बुरुलताई, शाळेत आल्या की आधी बूट पुसतात आणि मग मुख्याध्यापकांना वर्गाबाहेर घालवतात. "तुम्ही बसलात की पोरं काठी गिळल्यासारखी बसतात," असं त्यांच्या तोंडावर सांगतात. मुख्याध्यापक हसत हसत बाहेर जातात, कारण एजेंशी वाद घालून आजवर कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

नारिनच्या डोंगरात त्यांचे ते चिखलाचे बूट पोचले नाहीत अशी शाळा सापडायची नाही. सव्वीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. मग खडू खाली ठेवला, पेन उचललं आणि चार ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. चारही जाडजूड, आणि बाई स्वतः जेमतेम घोड्याच्या खांद्याएवढी. गाडी त्यांच्याकडे नाही. कुणाची मेंढ्यांची, कुणाची पिठाची, मिळेल त्या गाडीत पुस्तकांची पेटी चढवायची आणि ड्रायव्हरला वाटभर गोष्ट ऐकवायची, असा त्यांचा प्रवास. एकदा गोष्ट संपेना म्हणून एक ड्रायव्हर शाळा मागे टाकून पुढच्या गावापर्यंत गेला. हे त्या स्वतःच सांगतात. स्वतःची बढाई मारायला त्यांना दुसरं माणूस लागत नाही.

मुलांना पुस्तकाकडे ओढायची त्यांची एक ठरलेली रीत. वर्गात शिरायचं, कुणाकडे तरी बोट दाखवायचं. "तू. ऊठ. सात पिढ्या सांग."

आमच्याकडे पोर धड चालायला लागायच्या आधी त्याच्या तोंडात सात पिढ्यांची नावं घालतात. बाप, आजा, पणजा, असं वर सातव्यापर्यंत. ज्याला येत नाहीत त्याच्या घरच्यांना चारचौघांत मान खाली घालावी लागते. त्यामुळे उठवलेलं पोरगं छाती काढून धडाधडा सात नावं म्हणून दाखवतं. एजे मान डोलवतात.

"चौथा कोण म्हणालास? बेकेन? छान. बेकेनचा घोडा कुठल्या रंगाचा होता?"

पोरगं डोकं खाजवतं.

"त्याला दात किती उरले होते? बायकोला घाबरायचा का?"

वर्ग खिदळतो. बेकेनचा वंशज कान लाल करून उभा.

"म्हणजे नाव तेवढं पाठ केलंस आणि माणूस हरवून बसलास," एजे म्हणतात. "हरकत नाही. असली हरवलेली माणसं शोधायचा माझा धंदाच आहे." मग पेटी उघडायची, एखादं पान काढायचं आणि वाचायला लागायचं. घोड्याच्या खुराखालून खडा निसटला असं त्या वाचतात तेव्हा पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेतात. तासाभरानं पेटी रिकामी झालेली असते. ही युक्ती कधी फसली नव्हती. आणि न फसलेली युक्ती माणूस फार विश्वासानं वापरतो.

एप्रिलमधली गोष्ट. एजे चोलोक-बुलाकच्या शाळेत आल्या. तिथे त्यांची तिसरी कादंबरी सातवीच्या मुलांना वाचायला लावली होती. ती एकोणीसशे सोळा सालच्या पळापळीची. झारचे शिपाई मागे, बर्फाची खिंड पुढे, आणि मध्ये आपली माणसं, पोराबाळांसकट, चीनच्या दिशेनं निघालेली. कादंबरीत चाळीस घरांचा एक तांडा आहे आणि त्यांचा एक वाटाड्या. खिंडीच्या तोंडाशी वादळ येतं आणि वाटाड्या पहाटे सगळ्यांना झोपेत सोडून मागच्या मागे पळून जातो. निम्मी माणसं बर्फात राहतात. ते प्रकरण वाचून नारिनच्या बाजारातली मांस विकणारी बाई दुकान बंद करून रडत बसली होती. हेही एजेंनीच सांगितलं.

वर्गात चोवीस मुलं आणि कोपऱ्यात दामिरा बाई. दामिरा बाई भाषा शिकवतात आणि वाचनालयाच्या दोन कपाटांची किल्ली गळ्यात घालून फिरतात. त्या दिवशी त्या जरा बिथरल्यासारख्या दिसत होत्या. एजेंना वाटलं, आपल्यामुळेच. लोक आपल्यापुढे बिथरतात याची त्यांना सवय होती.

त्यांनी बोट दाखवलं ते खिडकीजवळच्या पोरीकडे. तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नाव बेगायिम. ती उठली. दामिरा बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या.

"नुरदीन," पोरगी म्हणाली. "कालमात. अबिल. शातेन. बोकोय. तिनाय."

एजेंचं बोटांवर मोजणं सुरूच होतं. "सहाच झाले. एक वाटेत पडला काय?"

वर्ग हसला, पण नेहमीसारखा नाही. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "पडला नाही, पळाला!" आणि मग हशा उसळला. बेगायिमनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती एजेंकडे पाहत होती.

"मध्ये एक नाव राहिलं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे की, एजे. दोनशे चौदाव्या पानावर आहे."

एजेंना पान आठवायला वेळ लागला नाही. आपल्या पुस्तकातलं पान न पान त्यांना पाठ होतं. *शातेनचा पोरगा एशिम, खोगीर करणारा,* वाटाड्याची ओळख त्यांनी तिथेच करून दिली होती. अबिलचा बाप एशिम आणि एशिमचा बाप शातेन.  सव्वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईनं मोजायला उघडलेली बोटं मिटून घेतली आणि चोवीस मुलांनी ते पाहिलं.

"जेवणाची सुट्टी," शेवटी त्या म्हणाल्या. जेवणाला अजून तासभर होता, पण त्यांचा आवाजच असा होता की पोरं उठून बाहेर गेली.

शिक्षकांच्या खोलीत दामिरा बाईंनी चहा ओतला, तळलेल्या बोरसोकची थाळी आणि साय पुढे सरकवली. एजेंनी हात लावला नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"पुस्तक आल्यापासून. दीड वर्ष झालं. आधी वर्गात वाटाड्याची पोरगी म्हणायला लागले, मग मैदानावर. खेळायला गडी निवडायचे झाले की कुणी तिच्या मागे उभं राहत नाही. 'ही पुढे चालली तर आपण मेलोच,' म्हणतात. मी ओरडले, शिक्षा केल्या. पोरांच्या तोंडाला कुलूप लावता येतं का?"

"मोठ्यांनी काय केलं?"

"मोठे!" दामिरा बाईंनी कप खाली आपटला. "मोठे तर त्यांच्या वरताण. गेल्या शरदात एका लग्नाला सगळे निघाले, तिचे आजोबा, कालमात आके, वाट माहीत म्हणून पुढे झाले, तर एक जण म्हणाला, जरा मागे वळून बघत चला रे, पुढे एशिमचा नातू आहे. चेष्टाच होती. पण म्हातारा तिथून घरी गेला तो गेलाच. तेव्हापासून कुणाच्या लग्नाला नाही, मयतीला नाही. मानाची जागा त्यांची होती गावात. आता त्या जागेवर कोण बसायचं यावर भांडणं होतात."

एजेंनी हनुवटी वर केली. "दामिरा, ती कादंबरी आहे. मी रचलेली गोष्ट."

"मग पहिल्याच पानावर 'यातली नावं खरी आहेत' असं कशाला छापलंत?"

 ते वाक्य एजेंनी मोठ्या दिमाखात घातलं होतं. नावं खरी हवीत, खऱ्या नावाला वजन असतं, हा त्यांचा हट्ट. शहरातल्या दफ्तरखान्यात बसून त्यांनी जुन्या याद्या उतरून घेतल्या होत्या. त्यात एका ओळीत हा एशिम होता, बापाच्या नावासकट, धंद्यासकट, आणि पुढे कुण्या कारकुनानं लिहिलेलं, *घर ओस.* एजेंना वाटलं, वंश बुडाला. ज्याच्या मागे रडणारं कुणी नाही त्याच्या माथी काहीही मारलं तरी चालतं. घर ओस पडलं होतं ते घरची माणसं शेजारच्या खोऱ्यात राहायला गेली म्हणून, हे कारकुनानं लिहिलं नाही आणि एजेंनी विचारलं नाही. पोरांना 'माणूस कुठे हरवलास' म्हणून छेडणारी बाई, आणि तिनं स्वतः एका ओळीवर विश्वास ठेवला.

"कालमात आके घरी असतील?" त्या उठल्या.

"असणारच. जाणार कुठे?"

कालमात आके अंगणात होते. आदल्या दिवशी व्यायलेल्या मेंढीजवळ बसून कोकराच्या तोंडाला आचळ लावत होते. वय बहात्तर, उंच, डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी. एजेंना पाहून ते उठले नाहीत आणि ओळख दाखवायचंही त्यांनी टाळलं नाही.

"फोटोत मोठी दिसतेस," ते म्हणाले.

"फोटोत मी पेटीवर उभी होते."

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी हात पुसले, एजेंना घरात नेलं, जेवणाचा दस्तरखान अंथरला आणि नानचा तुकडा मोडून पुढे ठेवला. शत्रू दारात आला तरी आधी नान पुढे करायचा, त्यात म्हाताऱ्यानं कसूर केली नाही. एजेंनी तुकडा तोंडात टाकला. 

"आके, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. आडवळण त्यांना कधी जमलंच नाही. "तुमच्या आजोबांनी असं काही केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, ऐकलेलं नाही. मी त्यांचं नाव उचललं. दंड सांगा. जुन्या रिवाजाप्रमाणे घोडा आणि मानाचा झगा द्यायला हवा. घोडा माझ्याकडे नाही, झगा मी देते. गावासमोर तुमच्या अंगावर घालते."

"झगा घालून मी जाऊ कुठे? मेंढीकडे?" आके म्हणाले. त्यांनी चहा ओतला. अर्धाच कप ओतला, म्हणजे बैस, पुन्हा ओतीन. "तुला सांगू का, बुरुल? आमच्या एशिमबद्दल मला तीन गोष्टी माहीत आहेत. खोगीर करायचा. डाव्या हातानं काम करायचा. माझा बाप सहा वर्षांचा असताना हा तापानं गेला. बस. शूर होता का, मला माहीत नाही. तुझ्यासारखी कुणी लिहिणारी त्याला भेटली नाही. आमच्याकडे त्याचं फक्त नाव होतं. तेवढंच आम्ही नातवंडांना द्यायचो."

एजेंनी तो अर्धा कप उचलला. 

"एक विचारू?" आके म्हणाले. "तो पळाला ते सगळंच तुझ्या मनाचं? की खरंच कुणी होता तसा?"

एजेंचा कप हातात होता. "होता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"नाव ठाऊक नाही."

आकेंनी त्यांच्याकडे पाहिलं. कोकरू जगेल की मरेल हे बघताना माणूस पाहतो तसं, घाई न करता. मग त्यांनी उरलेला चहा स्वतः प्यायला. "तू वर्गात सांग. पोरांसमोर. मी येतो. मागे बसेन."

वाटेत एजे म्हाताऱ्याच्या दोन पावलं मागे चालत होत्या आणि स्वतःवरच चिडत होत्या. नाव ठाऊक नव्हतं कसलं! ती गोष्ट त्यांना आजीनं सांगितली होती, बापाच्या आईनं. सांगताना आजीनं त्या माणसाचं नाव एकदाही घेतलं नाही. 'ते' म्हणायची. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि या रिवाजाची बुरुलला जन्मभर फार सोय झाली होती. आजीनं नाव घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. आजवर खोटं बोलायचं काम पडलं नव्हतं. पण कादंबरी लिहायला बसल्यावर वाटाड्याला नाव हवं झालं, आणि तेव्हा त्यांनी आपल्या घरावरचं ओझं उचलून शेजारच्या खोऱ्यातल्या अंगणात टाकलं. तेही नेमकं पोरं खेळतात तिथे.

वर्ग पुन्हा भरला. कालमात आके शेवटच्या बाकावर बसले. बाक त्यांना इतका लहान की गुडघे हनुवटीला लागत होते, पण कुणी हसलं नाही. त्या लग्नानंतर म्हातारा पहिल्यांदा चार लोकांत आला होता. बेगायिमनं आजोबांना पाहिलं आणि ओठ चावला.

एजे फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पाय रोवून, नेहमीसारख्या.

"ऐका. शातेनचा एशिम वाटाड्या नव्हता. कुणाला सोडून पळाला नाही. तो खोगिरं करायचा, डाव्या हातानं, आणि चांगली करत असणार. ते सगळं मी त्याच्या नावावर लावलं. चुकून नाही, आळसानं. पुस्तकं बाहेर काढा."

बारा प्रती निघाल्या.

"दोघांत एक. पेन घ्या. जिथे जिथे एशिम दिसेल तिथे काट मारा. पान फाटलं तरी चालेल, पुस्तक माझं आहे."

पुस्तकात पेननं खोडायला लेखिकाच सांगते म्हटल्यावर पोरांना आणखी काय हवं! दामिरा बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला, पण तोवर पेनं चालायला लागली होती. "दोनशे चौदा पान, एक!" "आमचं दोनशे सतरा, दोन!" "ए, हे बघ, इथे नुसतं 'शातेनचा पोरगा' आहे, तेही मारायचं का, एजे?" मघाशी 'पळाला' म्हणणारा मागचा पोरगा, बोलोत, सगळ्यांत जोरात खोडत होता. मध्येच एका बाकावर खोडणं थांबलं आणि दोन्ही डोकी पानावर वाकली. तिथून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही म्हातारी बर्फात उंटाला रजई घालते! हे मी वाचलंच नव्हतं." दीड वर्षात न वाचलेली पानं पोरं त्या अर्ध्या तासात वाचत होती. एजेंच्या ते लक्षात आलं. पण त्या दिवशी त्यांना त्याची बढाई मारावीशी वाटली नाही.

प्रत्येक पुस्तकात सत्तेचाळीस ठिकाणी काट बसली. बेगायिमनं स्वतः अकरा मारल्या, रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेऊन.

मग बोलोतनं हात वर केला. "एजे, वर काय लिहायचं?"

"म्हणजे?"

"नाव खोडलं ना. आता कोण पळाला म्हणायचं?"

"असंच काहीतरी नाव घालू या," एजे म्हणाल्या. "सुचवा."

"मुसाके!"

"ए, मुसाके माझा पाचवा आहे!" पहिल्या बाकावरची पोरगी तटकन उठली.

"बरं, झानिबेक."

"आमच्या आईकडचा!"

"कोझोमकुल?"

"तो माझा सहावा. आणि तो पळणारा नव्हता, त्याला एक पायच नव्हता!"

वर्ग हसून लोळायला आला. एक एक नाव पुढे यायचं आणि कुणीतरी हात वर करायचं. चोवीस पोरं, प्रत्येकाचे सात. नुसत्या त्या खोलीत शंभराच्या वर मेलेली माणसं बसलेली, आणि प्रत्येकाचा वारस हात वर करून तयार. दामिरा बाईंनी एक नाव सुचवलं तर ते त्यांच्याच नवऱ्याच्या पणजोबांचं निघालं. त्यांनी जीभ चावली.

"नुसतं 'वाटाड्या' ठेवू या ना," त्या म्हणाल्या. "नावाची गरजच काय?"

एजेंना एकदम हलकं वाटलं. दामिरानं दार उघडून दिलं होतं, बाहेर पडलं की झालं. त्या "ठीक" म्हणणार होत्या.

"नको," बेगायिम म्हणाली. ती बसूनच बोलली. "नुसतं वाटाड्या ठेवलं की पुढच्या वर्षीची मुलं विचारणार, तो कोण? मग कुणीतरी सांगणार, आधी इथे एशिम होतं. खोडलेलं दिसतंच आहे."

 शेवटच्या बाकावर म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो एजेंकडे पाहत नव्हता, खिडकीबाहेर पाहत होता. एजेंना कळलं की म्हाताऱ्याला चहा पितानाच सगळं समजलं होतं, आणि तो इथे माफी ऐकायला आलाच नव्हता.

"ओमुरकुल लिहा," एजे म्हणाल्या.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाचा हात वर आला नाही. बोलोतनं बाकावर उभं राहून सगळीकडे नजर फिरवली. "कुणाचाच नाही! मोकळं नाव मिळालं!" आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"मोकळं नाही," एजे म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम खणखणीत ठेवला होता, मागच्या बाकापर्यंत जावा म्हणून. "माझं आहे. साबिर, जापार, ओमुरकुल. माझा पणजोबा. चाळीस घरांचा वाटाड्या तो होता. तो परत फिरला. मी लहानपणापासून ऐकत आले."

टाळ्या थांबल्या. पेनं उघडी होती, पण एकही पोरगं लिहीना. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पूर्वजाची बदनामी त्याच्या देखत लिहायची, एवढं निगरगट्ट आमच्याकडे सातवीतलं पोरही नसतं. बोलोत बाकावरून खाली उतरून गुपचूप बसला.

"लिहा की," एजे म्हणाल्या. "हात का थांबले?"

"बुरुल." मागून आके बोलले. "त्याला पोरं होती का?"

"चार. घरी ठेवून गेला होता, म्हाताऱ्या आईपाशी. धाकटं तान्हं होतं."

"म्हणजे त्यांच्यासाठी परत फिरला."

"हो, आके. आजी म्हणायची, तीन दिवस बर्फात चालला, पायाची बोटं गेली. घरी पोचला तेव्हा चारही जिवंत होती. माझे आजोबा त्यातलेच."

"आणि खिंडीतली माणसं मेली."

"मेली."

म्हाताऱ्यानं मान हलवली.  "हे पोरांचं काही नव्हतं ना पुस्तकात? मी तीनदा वाचलं. तो नुसता भित्रा होता म्हणून पळतो. मला वाटायचं, बाबा, एवढा कसा रे तू वाईट?"

"नव्हतं," एजे म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खणखणीत राहिला नाही. "एशिमला मी पोरंच दिली नव्हती."

बेगायिमनं एजेंकडे पाहिलं, मग मागे आजोबांकडे. एशिमची पोरं म्हणजे ती दोघंच तर होती त्या खोलीत. एजेंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, चोवीस मुलांसमोर तसंच येऊ दिलं.

मग बेगायिमनं पुस्तक जवळ ओढलं. पट्टी बाजूला ठेवली. खोडलेल्या रेघेच्या वर, बारीक पण स्वच्छ अक्षरात तिनं ओमुरकुल लिहिलं. एजेंना उलटं वाचता येत होतं. लिहून झाल्यावर तिनं पेन उचललं नाही, तसंच समासापाशी धरून ठेवलं.

"पोरांची नावं सांगा," ती म्हणाली. "इथे बाजूला जागा आहे."

एजे तिच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्याजवळ बसल्या. "थोरली अइमकान," त्या म्हणाल्या. "मग जापार. मग सातिंदी. तान्ह्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं, ते बाप आल्यावर ठेवलं."

बेगायिम लिहीत गेली. आजूबाजूच्या बाकांवरची पेनंही हळूहळू चालू झाली, आणि बोलोतनं मागून ओरडून सातिंदी नेमकं कसं लिहायचं ते विचारलं.